गावाकडचा कॅम्प चालवायला जाऊ का? आधी वहिनींना विचारलंत का?

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून: वय ४२. पुण्यात एका मराठी दैनिकात १८ वर्षं, त्यातली शेवटची ११ डेस्कवर. हातात महिन्याला ५८ हजार. मूळ गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या बॅकवॉटरला. वडील मुंबईत माथाडी होते, रिटायर झाल्यावर गावी आले आणि धरणात जाऊन उरलेल्या जमिनीवर मोठ्या मुलासोबत टेंट टाकले. आज १४ टेंट आहेत, वर्षाला साधारण २० लाखांचा धंदा होतो, खर्च जाऊन ७ लाखांच्या आसपास उरतात. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दादा म्हणतो "तू ये, मग बघू". ऑफिसमध्ये माणसं कमी करायचं चाललंय, अजून आपल्यावर आलेलं नाही पण येईल असं वाटतं. बायको पुण्यात अनुदानित शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत. प्रश्न असा की पत्रकारिता सोडून गावी जावं का, आणि सोडली तर आपण कोण उरतो?

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले, तुमच्या डेस्कवर कॉपी तपासतात तसं. छान लिहिलंय, पाणी कमी झालं की वडील हात करून दाखवतात "इथं आपलं खळं होतं", ते वाचून मी जरा थांबलेच. पण पेन्सिलीने मी एक गोष्ट मोजली. पाच पानांच्या पत्रात "पत्रकार" आणि "पत्रकारिता" मिळून २३ वेळा आलंय, "दादा" १४ वेळा, आणि वहिनी फक्त एकदा. ते वाक्य असं: "जेवणाचं वहिनी बघतात."

आता मला सांगा, तुमच्याकडे माणशी १४०० रुपये घेता त्यात काय देता? टेंट, संध्याकाळचा चहा-भजी, रात्री चुलीवरचं जेवण, सकाळचे पोहे. टेंट आणि तळं शेजारचा कॅम्पवालाही देतो, तळं तर सगळ्यांना तेच आहे. लोक परत येतात ते जेवणासाठी. म्हणजे धंद्याचा कणा ज्या बाईच्या हातावर उभा आहे तिच्याबद्दल तुम्ही तीन शब्द लिहिलेत. टोमणा मारत नाहीये. माझ्या माहेरी खाणावळ होती, आणि बाहेरच्या बोर्डवर वडिलांचं नाव होतं, त्यामुळे हे वाक्य मला लांबूनच ओळखू येतं.

तुमचा प्रश्न आहे पत्रकारिता सोडू का. मला वाटतं त्याआधीचा प्रश्न असा आहे की दादा-वहिनींच्या चालू धंद्यात तुमची जागा कुठली, आणि ती जागा रिकामी आहे का.

आधी पैशाचं बोलू, कारण तुम्ही आकडे दिलेत पण शेजारी-शेजारी ठेवले नाहीत. ५८ हजार गुणिले १२ म्हणजे ६ लाख ९६ हजार. कॅम्पची अख्ख्या वर्षाची शिल्लक ७ लाख. म्हणजे १४ टेंट, दादा, वहिनी, वडील आणि पाच कामगार मिळून वर्षभर राबून जेवढं उरतं तेवढा तुमचा एकट्याचा पगार आहे. उद्या तुम्ही गेलात आणि अर्धं-अर्धं केलं तर तुमचं उत्पन्न निम्मं होईल हे तुम्ही लिहिलंयच, "मी कमी पैशात राहीन" असंही लिहिलंय, पण त्याच दिवशी दादाचंही निम्मं होईल ते लिहिलेलं नाही. ते कमी पैशात राहायला तयार आहेत का हे कोणी विचारलंय? "तू ये, मग बघू" यातला "मग बघू" हा भाग घरोघरी भावाभावांची बोलणी बंद पाडतो.

दोन्ही घरांना आजच्याइतकं मिळायचं तर शिल्लक १४ लाख हवी, आणि खर्चाचं प्रमाण आहे तेच राहिलं तर धंदा ४० लाखांवर न्यावा लागेल. दुप्पट. तुम्ही लिहिता की शनिवारी कधी-कधी लोकांना नाही म्हणावं लागतं म्हणून अजून सहा टेंट टाकू. ठीक आहे, असे शनिवार किती? आठ, तुम्हीच लिहिलेत. सहा टेंट, तीन-तीन माणसं, १४०० रुपये, आठ शनिवार, झाले २ लाख १ हजार ६००. त्यातून टेंट, गाद्या, जादा टॉयलेट आणि जादा माणसं. (टॉयलेटवर कंजूषी करू नका, बायका-मुलं घेऊन येणारे लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.) म्हणजे टेंट वाढवून फार काही होत नाही. शनिवार तसाही भरतोच, रिकामे आहेत सोमवार ते गुरुवार, आणि चार महिने पाऊस. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत तुमच्याकडे टेंट उभा राहत नाही, आणि उरलेल्या आठेक महिन्यांतही फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे फॅमिली गिऱ्हाईक गायब असतं.

तर तुमची खरी जागा तिथे असू शकते, मधल्या वारांमध्ये. दादाला शनिवार सांभाळता येतो, त्याला तुमची गरज नाही, एक चांगला मॅनेजर त्याला महिना १८ हजारात मिळेल. पण मंगळवारी माणसं आणणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी तुम्हाला येतं ते लागतं. वासोट्याचं बघा. किल्ल्यावर रात्री मुक्काम करता येत नाही, वनखात्याची परवानगी काढायची, बामणोलीहून लाँचने पलीकडे जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, त्यामुळे ट्रेकर्सना आदल्या रात्री जवळपास झोपायला जागा हवीच असते आणि पहाटे नाश्ता हवा असतो. रिटायर लोकांचे ग्रुप आहेत, त्यांना गर्दीचा शनिवार नकोच असतो. शाळा आहेत. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलांसाठी झुंबड असते, ती सगळी सातारच्या बाजूने येते आणि बरीचशी संध्याकाळी तिकडेच परत जाते. सप्टेंबरमध्ये तुमचे टेंट नसतात, पण ऑक्टोबरमधल्या ह्या लोकांना थांबवायला काहीतरी सांगावं लागतं. तुमच्या वडिलांकडे ते आहे. धरण कसं आलं, गावं कशी उठली, शेत पाण्याखाली गेल्यावर जावळीतली निम्मी पोरं मुंबईच्या मार्केटात पाठीवर पोती घ्यायला का गेली, १९६९ चा माथाडी कायदा आल्यावर काय बदललं. रात्री डीजे लावायच्या ऐवजी हे अर्धा तास सांगणारा माणूस दुसऱ्या कुठल्या कॅम्पवर आहे? (रात्री १० नंतर लाऊडस्पीकर तसाही बंद ठेवायचाच असतो, आणि पलीकडे अभयारण्य आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.)

म्हणजे मी जा म्हणतेय का? थांबा.

तुम्ही लिहिलंय की "तिथे शांतता आहे, संध्याकाळी पाण्याकडे बघत पुस्तक लिहीन". हे वाचून मला हसू आलं, माफ करा. संध्याकाळी पाण्याकडे गिऱ्हाईक बघतं. मालक जनरेटर का बंद पडला ते बघतो, व्हेजच्या पातेल्यात नॉनव्हेजचा चमचा गेला म्हणून भांडणाऱ्या काकांना समजावतो, आणि रात्री साडेअकराला दोन पेग झाल्यावर पाण्यात उतरायला निघालेल्या चार पोरांना हात धरून मागे आणतो. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि दर शनिवारी करावं लागतं. बॅकवॉटर बाहेरून तळ्यासारखं दिसतं पण खाली नदीचं खोरं आहे, बांध आहेत, गाळ आहे, एका पावलात खोली बदलते. त्यामुळे रात्री पाण्याच्या बाजूला दोरी आणि रात्रभर जागणारा एक माणूस, आणि अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालायचा नाही हे बुकिंगच्या वेळीच सांगणं, ह्यामुळे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल. कयाक वगैरे तुमच्या डोक्यात आहे असं दिसतं. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्याखाली रजिस्ट्रेशन केल्याशिवाय आणि ट्रेन्ड माणूस ठेवल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. बोटिंग हवं असेल त्यांना गावच्या बोट क्लबकडे पाठवा, त्यांचाही धंदा होतो आणि गावात नाव राहतं.

सुट्टीची सवय तुम्हाला नाहीच, पेपरला वर्षातून मोजक्या सुट्ट्या असतात आणि दिवाळीत तुम्ही दिवाळीच्याच पुरवण्या काढत असता, त्या बाबतीत बदल फारसा जाणवणार नाही. बायको-मुलीला मात्र जाणवेल, कारण त्यांची सुट्टी म्हणजेच तुमचा सीझन.

आता पाण्याची गंमत. दर पावसाळ्यात तुम्ही "कोयनेत इतके टीएमसी" अशी चौकट पहिल्या पानावर लावता, धरण भरलं की १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) हा आकडा तुम्ही झोपेतही टाइप कराल. कॅम्पवर तोच आकडा तुमच्या अंगणात येतो. ऑक्टोबरमध्ये पाणी टेंटच्या दोरीला लागलेलं असतं, मग वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडतात, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, शिवाय खाली शेतीला, आणि मेमध्ये तुमचा किनारा चिखल आणि भेगा दाखवत दूर गेलेला असतो. ऑक्टोबरचा फोटो बघून मेमध्ये आलेलं गिऱ्हाईक भांडतं आणि त्याचं बरोबर असतं. दर महिन्याचा खरा फोटो टाका. आणि पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते ती आपली नाही, तुमच्या आजोबांची असली तरी ती संपादनात गेलीये, जलसंपदाची आहे. उन्हाळ्यात टेंट तिथे सरकवायचा मोह सगळ्यांना होतो. तुमच्या पत्रात "पाण्याजवळ अजून एक रांग" असं आहे, ती रांग नक्की कुठल्या गटात येते ते सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन बघा.

त्याच सातबाऱ्यावर नावं कोणाची आहेत तेही बघा. दोन बहिणी आहेत, "त्यांचं काही म्हणणं नाही" असं तुम्ही लिहिता. विचारलंत का, का त्या काही बोलल्या नाहीत म्हणून म्हणणं नाही असं धरलंय? २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलाइतकाच हक्क आहे, आणि आज ७ लाख उरतायत तोवर सगळे गप्प आहेत, नवं महाबळेश्वर ह्या सरकारी प्रकल्पाच्या आणि नवीन पुलांच्या घोषणांनी जमिनीचे भाव चढले की म्हणणं निघेल, आणि निघायलाच हवं. जमीन वेगळी आणि धंदा वेगळा ठेवा. जमीन ज्यांची आहे त्या सगळ्यांना कॅम्पने वर्षाचं भाडं द्यावं, थोडं का असेना. जो रोज काम करतो त्याला महिन्याचा पगार. त्यानंतर जे उरेल तो नफा, तो ठरलेल्या टक्क्यांत. आणि पगाराच्या यादीत पहिलं नाव वहिनींचं, त्यांच्या स्वतःच्या खात्यात. हे भागीदारीच्या करारनाम्यात लिहा, एकाला सोडायचं असेल तर कसं सोडायचं ते पण लिहा. भावात कसलं लिहून घ्यायचं असं वडील म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही १८ वर्षं जिल्ह्याच्या पानांवर भावकीच्या बातम्या लावल्यात, त्यातल्या किती लोकांकडे कागद होता?

बाकी कागदांबद्दल पटकन सांगते कारण असं पत्र लिहिणारे तुम्ही एकटे नाही, गेल्या दोन वर्षांत मला शिक्षक, बँकवाले, आयटीवाले सगळ्यांची आलीत, कोणाचं भंडारदरा कोणाचं दापोली. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते का बघा, तुमच्याकडे भात-नाचणी अजून करतात त्यामुळे करून घ्या. जेवण देता म्हणजे फूड सेफ्टीची नोंदणी किंवा लायसन्स हवंच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी, आणि तुम्ही नेमके त्याच रेषेवर उभे आहात, त्यामुळे वाढवायचा प्लॅन करताना तो धरून करा. पाहुण्यांना काही झालं तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटीचा विमा येतो, तो घ्या. ही सगळी कामं दादाने आतापर्यंत "नंतर करू" म्हणून ठेवली असणार, आणि खरं सांगू का, तुमची पहिली दोन महिन्यांची उपयुक्तता इथेच आहे, अर्ज लिहायला आणि सरकारी ऑफिसात बसून राहायला तुम्हाला लाज वाटत नाही.

नोकरीच्या बाजूने: राजीनामा द्यायच्या आधी घरचा स्वतंत्र मेडिक्लेम सुरू करा, ऑफिसचा ग्रुप विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना वेटिंग असतं. पीएफ काढून टेंट घेऊ नका. दहा वर्षांच्या वर नोकरी झालीये म्हणजे ५८ नंतरची पेन्शन तुमची आहे, छोटी असली तरी. घराच्या हप्त्यासकट वर्षभराचा खर्च बाजूला पडल्याशिवाय हलायचं नाही. आणि ऑफिसमध्ये माणसं कमी करणार अशी हवा असेल तर घाईने स्वतः राजीनामा फेकू नका, त्यांनी काही पॅकेज काढलं तर ते हातचं जाईल.

मुलीला साताऱ्यात टाकू असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. ती दोन वर्षांनी दहावीला असेल. तिला आणि तिच्या आईला हलवू नका, बायकोचा पगार हा ह्या सगळ्या बेताचा एकमेव पक्का खांब आहे. तुम्ही जा-ये करा, पुण्याहून तीन-चार तासांचा रस्ता आहे. त्यामुळे घरी शनिवार-रविवार तुम्ही नसणार, मंगळवार-बुधवारी असणार, आणि ते चालेल का हे त्या दोघींनी सांगायचं.

राहिला तुमचा मोठा प्रश्न, सोडलं तर मी कोण. इथे मला तुम्हाला गोड बोलायचं नाहीये. पत्रात तुम्ही तुमच्या दिवसाचं वर्णन केलंय: प्रेसनोट सरळ करणं, चार आवृत्त्यांची पानं, हेडिंग बसत नाही म्हणून शब्द कापणं, रात्री दीडला घरी. स्वतः बाहेर पडून शेवटची बातमी कधी केली ते तुम्हालाही आठवत नाही असं म्हणता. मग जे सुटेल अशी भीती वाटते ते बरंचसं आधीच सुटलंय, ते ११ वर्षांपूर्वी डेस्कवर बसलात तेव्हा, आणि त्याचं दुःख कॅम्पच्या नावावर टाकू नका. पण एक गोष्ट मात्र खरंच जाईल. कॅम्पवाल्याला तलाठी लागतो, फॉरेस्टचा गार्ड लागतो, सरपंच, जलसंपदाचा शाखा अभियंता, महावितरणचा वायरमन, सगळे लागतात. पत्रकाराला यापैकी कोणाशीही भांडता येतं, तुम्हाला येणार नाही. कासच्या रस्त्यावरच्या बेकायदा बांधकामांवर तुम्ही लिहिलंत तर लोक म्हणतील धंद्यातला स्पर्धक लिहितोय, आणि नाही लिहिलंत तर स्वतःला काय सांगाल? गावाकडून फ्रीलान्स करेन असं म्हणताय ते जरूर करा, माथाड्यांवर लिहा, धरणग्रस्तांवर लिहा, वडिलांचं सगळं रेकॉर्ड करून ठेवा, वडील आहेत तोवर, त्यासाठी तर गावी राहायलाही जायची गरज नाही, पुढच्याच रविवारी मोबाईल समोर ठेवून बसा. पण जावळीतल्या पर्यटनावर तुम्हाला आता निर्भीडपणे लिहिता येणार नाही. ही किंमत आहे आणि ती ७ लाखांच्या हिशोबात धरलेली नाही.

मग काय करायचं. मी तुमच्या जागी असते तर राजीनामाही दिला नसता आणि नाहीही म्हटलं नसतं. साठलेली रजा आणि थोडी बिनपगारी मिळवून ऑक्टोबरच्या मध्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत गेले असते, दिवाळी आणि थर्टी फर्स्ट दोन्ही त्यात येतात, म्हणजे धंद्याचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट एकदम दिसतं. ऑफिसने रजा दिली नाही तर निदान तीन वेगवेगळे दिवस पकडा: मेमधला एक शनिवार, फेब्रुवारीतला एक सोमवार, आणि ऑगस्टमधला कुठलाही दिवस, जेव्हा टेंट गुंडाळून माळ्यावर गेलेत, लाइट नाही आणि दादा दिवसभर पाऊस बघत बसलाय. तो ऑगस्ट तुम्हाला सहन होतो का ते मुख्य.

आणि मालकाचा भाऊ म्हणून खुर्ची टाकून बसायचं नाही. पहिले पंधरा दिवस वहिनींच्या हाताखाली. पहाटे किती वाजता उठतात, शनिवारी किती भाकऱ्या लागतात, मदतीला येणाऱ्या बाया शेतीच्या दिवसांत येत नाहीत तेव्हा काय करतात, दुखलं-खुपलं तर कोण उभं राहतं. तुम्ही कधीकाळी बातमीदार होता, हे सगळं विचारून लिहून काढता येईल. आणि दादा समोर नसताना एक प्रश्न विचारा: मी कायमचा आलो तर तुमचं काम कमी होईल की वाढेल? घाईने उत्तर देतील, "या की भाऊजी, तुमचंच आहे" असं म्हणतील. ते उत्तर धरू नका. दोन दिवसांनी, भांडी आवरून झाल्यावर परत विचारा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.